पाच तोंडांचा कागद

बोट अजून आगरदांड्याहून सुटलेली नाही.
दिघीच्या जेट्टीवर मी, मांडीवर बेचाळीस कागद,
उडू नयेत म्हणून वर डबा,
त्यात अर्धी भाकरी आणि उरलेली सुकट.

प्रत्येक कागदावर एकोणीस प्रश्न,
प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोल तोंडं,
ढसाढसा रडणाऱ्यापासून दात दाखवणाऱ्यापर्यंत.
बाळंतपणात मिळालेल्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?
योग्य तोंडावर खूण करावी.

शाल्मली भिडे, पुण्याहून माहेरी आलेल्या.
रस्ता खचला म्हणून आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या, नाहीतर कशाला.
त्यांनी दुसऱ्या तोंडावर खूण केली.
डॉक्टर वीस मिनिटं उशिरा, पंखा खडखडत होता,
चादरीवर आधीच्या कुणाचा डाग.
मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं, बारीक अक्षरात.
सगळं खरं होतं. एक शब्द वाढवलेला नव्हता.

रुकय्या हमदुलेचं पेन बराच वेळ हवेत.
कितवं, असं सिस्टरनी विचारलं होतं,
आणि ती तिसरं म्हणायच्या आत
स्वतःच हसून म्हणाल्या होत्या, तुमच्यात कोण मोजतं!
सासू पडद्याआडून बोलली,
मधल्यावर कर गं, पुन्हा गरज लागली तर तिथेच जायचंय.
तिने मधल्यावर केली.

बुधी हिलमने कागद उलटा धरला, मग सुलटा.
सगली पिवली, ताय. कावील झाली काय यांना?
आणि इतकी हसली की छातीचं पोर सुटून रडायला लागलं.
मग दात दाखवणाऱ्यावर अंगठा टेकला,
एकोणीस वेळा.
मी म्हटलं, नीट आठव.
म्हणाली, आठवते ना. टेबलावर घेतला मना.
मोठी पोर तर व्हरांड्यात झालेली, बाकाखाली.
या येलेस कोनी मारला पन नाय.

टाके चार पडले होते, सुन्न न करता.
यांना नाही लागत, कातडी जाड असते, भट्टीवरची माणसं,
असं सिस्टर दोऱ्याशी बोलाव्यात तशा बोलल्या.
वीज गेली होती. टॉर्च माझ्या हातात होता.
तिच्या मांडीची शीर उडताना मला दिसत होती.
मी उजेड हलू दिला नाही.
तेवढंच केलं मी.

त्याच आठवड्यात, त्याच टेबलावर, त्याच सिस्टर.
भिड्यांना म्हणाल्या, अहो, जोर लावा, छान, अजून थोडा.
रुकय्याला, जोर लाव गं.
बुधीला, ए, तोंड बंद.
अहो, अगं, ए.
पायऱ्या उतरत उतरत मराठी कुठवर जाते
ते मी चवथीत व्याकरणात शिकले नव्हते.
आणि एकोणिसात तो प्रश्न नाही,
की बाई, तुला हाक काय मारली?

तालुक्याला साहेब बेरीज करतील.
आदिवासी लाभार्थी सर्वात समाधानी, असा निघेल आकडा,
रंगीत खांब उभा राहील, बाकीच्यांहून उंच,
कुणीतरी टाळी वाजवेल. बुधीला आणल्याचे
माझे पैसे मागच्या महिन्यातच जमा झालेत.

बोट दिसायला लागली, मागे बगळ्यांची रांग.
डबा उचलला तर वरचा कागद फडफडला, तिचाच,
अंगठ्यांनी निळा झालेला.

आज सकाळी वाडीवर
ती पाणी द्यायला उभी राहिली तेव्हा म्हणून पाहिलं,
अहो बुधाबाई, बसा ना तुम्ही.
तिने चटकन मागे वळून पाहिलं
कोण आलंय म्हणून.
मागे कुडाची भिंत होती,
आणि टोपलीखाली झाकलेली कोंबडी.